प्रवासवहीतील खर्चाची पाने गाळू नयेत

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांच्या दैनंदिन्यांविषयी आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. परदेशी प्रवाशांनी स्वतःपुरत्या लिहिलेल्या वह्या मराठीत यायला हव्यात, हे त्या लेखातील म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्याच लेखाच्या अखेरीस असे सुचवले आहे की, अनुवाद करताना खर्चाचे आकडे, खोलीभाड्याचे दर आणि खरेदीच्या याद्या गाळल्या तर मजकूर सुटसुटीत होईल आणि वाचकाला कंटाळा येणार नाही. या एका सूचनेला विरोध नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीपेक्षा लांब झाले आहे, याची मला जाणीव आहे. परंतु उदाहरण सविस्तर दिल्याखेरीज माझे म्हणणे पटणार नाही, असे वाटल्यामुळे ते आखडते घेतलेले नाही.

सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात माझी एकतीस वर्षे गेली. एखाद्या संस्थेचा अहवाल कितीही चांगल्या भाषेत लिहिलेला असला, तरी मी आधी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, मागवत असे, कारण अहवाल दुसऱ्यांना दाखवण्यासाठी लिहिलेला असतो आणि रोजकीर्द त्या त्या दिवशी, हातात पैसे असताना किंवा नसताना, लिहिलेली असते. निवृत्तीनंतर जुन्या दैनंदिन्या वाचण्याची गोडी लागली, तेव्हाही ही सवय सुटली नाही. त्या वाचनात मला सर्वांत जवळची वाटलेली वही अमेरिकन कादंबरीकार हर्मन मेल्व्हिल याची आहे. १८४९ च्या हिवाळ्यात तो लंडनला गेला होता, त्या प्रवासात ती लिहिलेली आहे.

मेल्व्हिल त्या वेळी तीस वर्षांचा होता आणि त्याचा पहिला मुलगा आठ महिन्यांचाही झाला नव्हता. ११ ऑक्टोबर १८४९ रोजी तो न्यू यॉर्कहून ‘साउदॅम्प्टन’ या जहाजाने निघाला. दहा वर्षांपूर्वी हाच माणूस एका मालवाहू जहाजावर पोऱ्या म्हणून लिव्हरपूलला गेला होता. या खेपेला त्याच्याकडे स्वतःपुरती स्वतंत्र खोली होती. सामानात त्याच्या ‘व्हाइट-जॅकेट’ या नव्या कादंबरीची मुद्रिते, म्हणजे छपाईची तपासणीची पाने, होती आणि ती एखाद्या इंग्लिश प्रकाशकाला चांगल्या रकमेला विकायची, हा प्रवासाचा मुख्य हेतू होता. ती रक्कम मिळाली, तरच पुढे युरोप पाहायचा होता. म्हणजे प्रवासाची जमेची बाजू अजून कोरी होती आणि खर्चाची बाजू मात्र बंदर सोडल्या दिवसापासून सुरू झाली होती. ही परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवूनच त्या वहीतील प्रत्येक आकडा वाचावा लागतो.

जहाजावर त्याला दोन सोबती मिळाले. एक जर्मन भाषेचा विद्वान अॅडलर आणि दुसरा डॉक्टर टेलर. हा डॉक्टर बेयर्ड टेलर या तरुण अमेरिकन प्रवाशाचा चुलतभाऊ होता. बेयर्ड टेलरने त्याआधी काही वर्षे बहुतेक पायी हिंडून, दोन वर्षांत सुमारे पाचशे डॉलरमध्ये युरोप पाहिला होता आणि त्याचे पुस्तक अमेरिकेत फार खपले होते. डॉक्टर टेलरलाही कमी पैशात प्रवास करण्याचा अनुभव होता. मेल्व्हिल आणि डॉक्टर टेलर यांनी डेकवर बसून बेत आखला : व्हिएन्नाहून डॅन्यूब नदीने कॉन्स्टॅन्टिनोपल, तिथून आगबोटीने अथेन्स, मग बैरूत, जेरुसलेम, अलेक्झांड्रिया आणि पिरॅमिड. मेल्व्हिल लिहितो की, हे सारे त्या मानाने क्षुल्लक खर्चात जमेल याबद्दल आपल्याला शंका नाही. पूर्वेकडच्या या सफरीने तो इतका भारावून गेला आहे की, ‘विचार तर करा! जेरुसलेम आणि पिरॅमिड!’ असे स्वतःलाच सांगतो. मी ते पान वाचताना ‘क्षुल्लक खर्च’ या शब्दांपाशी थांबले होते, कारण त्या वेळी इंग्लंडमधून त्याच्या खात्यावर व्हाइट-जॅकेटचा एक शिलिंगही जमा नव्हता.

लंडनमध्ये त्याने स्ट्रँड या मोठ्या रस्त्याजवळच्या क्रेव्हन स्ट्रीटवर, चौथ्या मजल्यावर, थेम्स नदी दिसणारी खोली घेतली. भाडे आठवड्याला दीड गिनी. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, तेव्हा आठवड्याचे साडेएकतीस शिलिंग झाले, आणि त्याने ते स्वस्त मानले. अंगावरचा हिरवा कोट लंडनमध्ये आपली पत घालवतो आहे, हे त्याच्या लवकरच लक्षात आले. चारचौघांत नीट दिसावे म्हणून त्याने स्ट्रँडवर एक नवा लांब कोट विकत घेतला. खरेदीच्या याद्या गाळायच्या ठरवल्या, तर हा कोट जातो. आणि कोट गेला की त्या शहरात नवखा असलेला लेखक मुद्रिते घेऊन दारोदार जाताना त्याच्या पोटात काय कालवत होते, तेही जाते.

१३ नोव्हेंबर १८४९ ची नोंद मी अनेकांना वाचून दाखवली आहे. त्या दिवशी लंडनमधील हॉर्समाँगर लेन तुरुंगाच्या छतावर मॅनिंग पतिपत्नींना खुनाच्या गुन्ह्यासाठी जाहीर फाशी देण्यात आली. तुरुंगाबाहेर हजारोंची गर्दी लोटली होती. मेल्व्हिल आणि अॅडलर यांनी शेजारच्या एका घराच्या छपरावर उभे राहण्याच्या जागेसाठी प्रत्येकी अर्धा क्राउन मोजला. अर्धा क्राउन म्हणजे अडीच शिलिंग, पौंडाचा आठवा भाग. आपल्याकडच्या जुन्या हिशेबाने रुपयातले दोन आणे जसे, तसे. त्याच गर्दीत इंग्लिश कादंबरीकार चार्ल्स डिकन्सही होता. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एका घराचे संपूर्ण छप्पर आणि मागचे स्वयंपाकघर दहा गिनींना, म्हणजे माणशी दोन गिनींना घेतले होते. एकाच देखाव्यासाठी एका लेखकाने अडीच शिलिंग दिले आणि दुसऱ्याने बेचाळीस. त्या सकाळच्या अमानुष गर्दीविषयी डिकन्सने ‘द टाइम्स’च्या संपादकांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पुढे ब्रिटनमध्ये जाहीर फाशी १८६८ मध्ये बंद झाली. पण मृत्यू पाहण्यासाठी घरमालक जागा भाड्याने देत होते आणि त्या जागांचे दर वेगवेगळे होते, हे निव्वळ वर्णन कितीही वाचले तरी कळत नाही. ते या दोन आकड्यांवरून कळते. अडीच शिलिंग हा आकडा मला त्या पानावरचा सर्वांत भयंकर शब्द वाटतो.

दरम्यान प्रकाशकांच्या दारी फेऱ्या चालू होत्या. कोलबर्न, मरे, लाँगमन, मॉक्सन अशी एकामागून एक नावे वहीत येतात आणि नकार घेऊन जातात. याचे कारण कायद्यात होते. अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात लेखनहक्काचा करार नव्हता, आणि परदेशी लेखकाच्या पुस्तकाला इंग्लंडमध्ये संरक्षण मिळते की नाही याविषयी त्याच वर्षीच्या एका न्यायालयीन निवाड्याने शंका निर्माण केली होती. ज्याची नक्कल उद्या दुसरा कोणीही छापू शकेल, त्या पुस्तकाला आज आगाऊ रक्कम देण्यास प्रकाशक धजत नव्हते. अमेरिकेने परदेशी लेखकांना असे संरक्षण देणारा कायदा १८९१ मध्ये केला, म्हणजे मेल्व्हिलच्या मृत्यूच्या वर्षी. नोव्हेंबरच्या मध्याला आणखी एक नकार आला, त्या दिवशी त्याने लिहिले की, बातमी वाईट आहे, आता रोम दिसायचे नाही, आपण भुईसपाट झालो आहोत, भूक मात्र शाबूत आहे. आणि मग तो एका खानावळीत जाऊन जेवला. जेरुसलेम आणि पिरॅमिड यांचे नाव त्या ओळीत नाही. डेकवर आखलेला तो लांबलचक बेत बाजूला पडला होता; निदान रोम तरी, एवढेच तो डोळ्यांसमोर धरून होता आणि तेही त्या दिवशी सुटले.

अखेरीस रिचर्ड बेंटली या लंडनच्या प्रकाशकाशी व्हाइट-जॅकेटसाठी दोनशे पौंडांचा सौदा ठरला. हातात पडली ती सहा महिन्यांच्या मुदतीची हुंडी होती. मुदतीची हुंडी आणि रोकड यांतला फरक व्यापारी घरांत वाढलेल्या मराठी वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. हुंडी आज वटवायची तर वटाव, म्हणजे रकमेतली कपात, द्यावा लागतो आणि थांबायचे तर प्रवास थांबतो. या सौद्याआधीच मेल्व्हिल पॅरिस, ब्रुसेल्स, कोलोन आणि ऱ्हाइनवरील कोब्लेंट्झपर्यंत धावती फेरी करून आला होता. कोलोनच्या अर्धवट राहिलेल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर शतकानुशतके तशीच उभी असलेली लाकडी यारी, म्हणजे ओझी वर चढवण्याची क्रेन, त्याने तिथे पाहिली. दोन वर्षांनी ‘मोबी डिक’ या आपल्या कादंबरीत देवमाशांचे वर्गीकरण अर्धवट सोडताना त्याने तीच यारी दाखल्यासाठी घेतली. दोन-अडीच आठवड्यांच्या काटकसरीच्या फेरीतून त्याने काय आणले, याचे हे एक उदाहरण आहे.

डिसेंबरमध्ये लंडनला परतल्यावरच्या खरेद्या मात्र एकेक करून पाहण्याजोग्या आहेत. एका दुकानात जुने नकाशे चाळताना त्याने १७६६ सालचा लंडनचा नकाशा साडेतीन शिलिंगांना घेतला आणि का घेतला तेही लिहून ठेवले : अमेरिकन क्रांतियुद्धातल्या एका भिकाऱ्याची कथा कधी लिहायची झाली, तर तो लागेल. ती कथा त्याने पाच वर्षांनी लिहिली आणि १८५५ मध्ये ती ‘इस्राएल पॉटर’ या नावाने पुस्तकरूपात आली. साडेतीन शिलिंगांची ही नोंद नसती, तर ते पुस्तक त्याच्या मनात केव्हापासून होते हे सांगायला दुसरा पुरावा शोधावा लागला असता. पुस्तकांची यादीही अशीच आहे. बेन जॉन्सन, टॉमस ब्राउन, बॉझवेलचे जॉन्सनचरित्र, रूसोचे आत्मनिवेदन अशी नावे तिच्यात आहेत आणि बेंटलीकडून मिळालेली ‘फ्रॅंकेनस्टाइन’ची प्रतही आहे. ही पेटी घेऊन घरी परतल्यावर लवकरच तो मोबी डिक लिहायला बसला. त्या कादंबरीचा अभ्यास करणारे लोक या यादीकडे पुनःपुन्हा का जातात, ते यावरून समजावे.

आणि मग तो काटा. क्रेव्हन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या चांदीच्या दुकानात त्याने आपल्या मुलासाठी, दहा महिन्यांच्या माल्कमसाठी, एक भरीव चमचा घेतला, असे तो लिहितो आणि लगेच स्वतःची दुरुस्ती करतो : चमचा नव्हे, काटा. मुलगा घास चावायच्या वयाचा झाला की, पूर्वी तरुण सरदाराला तलवार देत तसा हा काटा आपण त्याला देऊ, असे त्याने पुढे लिहिले आहे. लिहिता लिहिता झालेली आणि तशीच ठेवलेली ही चूक मला फार मोलाची वाटते, कारण ती पाहताना हाताखालचा कागद आणि घाईत लिहिणारा बाप दोन्ही दिसतात. त्याच सुमारास रटलंडच्या ड्यूककडून बेल्व्हॉर किल्ल्यावर येण्याचे निमंत्रण आले. जानेवारीत केव्हाही यावे असे ते होते. इंग्लंडमधले उमरावांचे घर आतून पाहण्याची अशी संधी कोणत्याही कादंबरीकाराने सोडली नसती. मेल्व्हिलने उत्तर लिहिले ते स्वतःच्या वहीत : जाता येत नाही, घराकडे निघालो आहे, आणि माल्कम रोज वाढतो आहे. २५ डिसेंबरला तो पोर्ट्समथहून निघाला. तो माल्कम १८६७ मध्ये, अठराव्या वर्षी, घरातल्या खोलीत पिस्तुलाच्या गोळीने गेला. त्या काट्याची नोंद त्यानंतर वाचणे सोपे नाही, पण ती वाचली पाहिजे.

सात वर्षांनी मेल्व्हिल पुन्हा निघाला. योगायोग असा की, तारीख तीच होती, ११ ऑक्टोबर. या खेपेला त्याच्या पुस्तकांची विक्री मंदावली होती, डोक्यावर कर्ज होते, शेताचा काही भाग विकावा लागला होता आणि प्रकृतीही बिघडली होती. प्रवासाचा खर्च मॅसॅच्युसेट्सचे सरन्यायाधीश असलेले त्याचे सासरे लेम्युएल शॉ यांनी दिला. लिव्हरपूलमध्ये त्याचा जुना मित्र, कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न, अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. मेल्व्हिलने आपली ट्रंक त्याच्या कचेरीत ठेवली आणि फक्त एक कापडी पिशवी घेऊन तो पुढे गेला, हे हॉथॉर्नने आपल्या वहीत लिहून ठेवले आहे. १८४९ मध्ये डेकवर आखलेला मार्ग त्याने आता पुरा केला : कॉन्स्टॅन्टिनोपल, पिरॅमिड, जेरुसलेम, अथेन्स. आणि शेवटी तो रोमलाही गेला. ‘आता रोम दिसायचे नाही’ ही नोंद आणि रोमच्या नोंदी यांच्यामध्ये सव्वासात वर्षे आणि सासऱ्याचे पैसे आहेत.

पुढचा भाग मला लेखापरीक्षक म्हणून विशेष जवळचा वाटतो. परत आल्यावर मेल्व्हिलने व्याख्याने द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या हंगामाचा विषय निवडला, ‘रोममधील पुतळे’. १८५७-५८ च्या त्या हंगामाचा जमाखर्च त्याने नीट मांडून ठेवला. जमा ६४५ डॉलर, प्रवासखर्च २२१ डॉलर ३० सेंट, शिल्लक ४२३ डॉलर ७० सेंट. जो प्रवास एकदा पैशांअभावी हुकला आणि दुसऱ्यांदा सासऱ्याच्या पैशांनी झाला, त्याच प्रवासातून हा गृहस्थ संसाराला हातभार लावू पाहत होता, हे त्या तीन ओळींत जसे दिसते तसे कोणत्याही चरित्रकाराच्या परिच्छेदात मला दिसलेले नाही. जमेच्या जवळजवळ एकतृतीयांश रक्कम गाड्याघोड्यांत आणि मुक्कामांत गेली होती. तीन हंगामांनंतर त्याने व्याख्याने सोडली. तिसऱ्या हंगामाचा विषय होता प्रवास, त्याची सुखे, दुःखे आणि लाभ. त्यानंतर काही वर्षांनी, १८६६ च्या डिसेंबरात, तो न्यू यॉर्कच्या जकात खात्यात दिवसाला चार डॉलर पगारावर निरीक्षक झाला आणि एकोणीस वर्षे ती नोकरी करत राहिला. जेरुसलेमच्या प्रवासातून त्याने रचलेले दीर्घकाव्य १८७६ मध्ये छापले गेले, तेही त्याचे मामा पीटर गॅन्सव्हूर्ट यांनी दिलेल्या १२०० डॉलरमुळे.

आपण वृत्तपत्राचे संपादक आहात, म्हणून आणखी एक गोष्ट नमूद करते. त्या काळच्या अमेरिकन प्रवाशांपैकी कित्येकांचा खर्च वृत्तपत्रांनी उचलला होता. १८४४ मध्ये बेयर्ड टेलर घरून निघाला, तेव्हा फिलाडेल्फियाच्या दोन पत्रांनी त्याला प्रवासपत्रांपोटी पन्नास-पन्नास डॉलर आगाऊ दिले होते. हाच टेलर १८५२ च्या अखेरीस मुंबईला उतरला, घारापुरीची लेणी पाहून आला आणि टपालाच्या गाडीने आग्र्याकडे गेला. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू व्हायला तेव्हा तीन-चार महिने बाकी होते. १८६७ मध्ये मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाचे ‘क्वेकर सिटी’ जहाजावरील प्रवासाचे १२५० डॉलर भाडे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका दैनिकाने भरले आणि त्याने प्रत्येकी वीस डॉलर दराने पत्रे लिहिली. अझोर या पोर्तुगीज बेटांवर त्याच्या एका सोबत्याने दहा जणांना जेवण दिले, तेव्हा बिल २१,७०० रेसांचे आले आणि यजमानाच्या तोंडचे पाणी पळाले. प्रत्यक्षात ते २१ डॉलर ७० सेंट होते. हा प्रसंग ट्वेनने रंगवून सांगितला आहे. मराठी वाचकाला मात्र रेस हे नाणे परके वाटू नये, कारण पोर्तुगीजांच्या गोव्यात ते चालत होतेच आणि कंपनीच्या काळात मुंबईतही चारशे रेसांचा रुपया धरून हिशेब ठेवले जात. त्या बिलातील आकडे गाळून तो प्रसंग मराठीत कसा सांगता येईल, हे पुरवणीतील लेखाच्या लेखकाने जरूर पाहावे. हाच ट्वेन १८९६ च्या जानेवारीत मुंबईत व्याख्याने देत होता, ते छापखान्याच्या यंत्रात आणि प्रकाशनसंस्थेत बुडालेल्या पैशांचे देणे फेडण्यासाठी. दोन वर्षांत त्याने ते संपूर्ण फेडले.

वगळण्याचा मोह आजचा नाही. हॉथॉर्नच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने, सोफियाने, त्याच्या इंग्लंडमधील वह्या १८७० मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा तिला न रुचलेला बराच मजकूर तिने काढून टाकला होता. तो परत वाचकांसमोर यायला १९४१ साल उजाडावे लागले. सोफियाचा हेतू वाईट नव्हता. नवऱ्याची आठवण स्वच्छ राहावी, एवढेच तिला वाटत होते. तरीही सत्तर वर्षे लोकांनी एक वेगळाच माणूस वाचला. मेल्व्हिलच्या १८४९ च्या वहीचे नशीब त्या मानाने चांगले. ती त्याची नात एलिनॉर मेल्व्हिल मेटकाफ हिने १९४८ मध्ये याद्यांसह छापून घेतली आणि मूळ वही आज हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

माझ्या स्वतःच्या घरातील वहीचे नशीब तसे निघाले नाही. माझे पणजोबा १९०८ मध्ये काशीयात्रेला गेले होते. त्यांची मोडीतील वही आमच्याकडे होती. पुढून उघडली की यात्रेचे वर्णन, आणि उलटी करून मागून उघडली की खर्च, अशी तिची मांडणी होती. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथसंग्रहालयाने जुन्या वह्यांची छायाचित्रे संगणकावर घेण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा मी ती विश्वासाने त्यांच्या स्वाधीन केली. छायाचित्रे घेणाऱ्या मुलाने पुढची पाने काळजीपूर्वक घेतली आणि ‘मागे नुसता हिशेब आहे’ म्हणून ती बाजू सोडून दिली. वही परत आली तेव्हा बांधणी सुटलेली होती आणि मागची पाने त्यात नव्हती. चौकशी केली, दोनदा जाऊन आले, पण ती सापडली नाहीत. त्यांच्या मते महत्त्वाचा भाग सुरक्षित होता.

सुदैवाने वही देण्यापूर्वी मी एका मोडी जाणकारांच्या मदतीने मागच्या अकरा पानांचा बाळबोधात उतारा करून ठेवला होता. वहीच्या पुढच्या बाजूला काशीतील दर्शनांचे, घाटांचे आणि आरतीचे भक्तिभावाने केलेले वर्णन आहे. मध्येच सहा दिवसांच्या नोंदी नाहीत आणि त्यानंतर थेट परतीचा प्रवास सुरू होतो. मागच्या बाजूला त्या सहा दिवसांत अशा नोंदी आहेत : वैद्यास एक रुपया, सुंठ-साखर दोन आणे, पुन्हा वैद्यास एक रुपया, तार, लाकडे. घरून निघतानाची आगगाडीची तिकिटे पाच होती आणि परतीची चार. पणजोबांची विधवा बहीण यात्रेला सोबत होती आणि तिथेच गेली, हे आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. ते मला या नोंदींवरून आणि नंतर एका वृद्ध आत्याला विचारल्यावर कळले. पणजोबांनी ते वर्णनात लिहिले नाही. लिहवले नसावे. पैशांचा हिशेब मात्र घरी वडील भावाला द्यायचा होता, म्हणून तिथे ते लिहावेच लागले.

यास्तव माझी आपल्याला विनंती आहे की, पुरवणीत अशा दैनंदिन्यांची मालिका सुरू करणार असाल, तर अनुवादकांना मूळ पानावरील प्रत्येक रक्कम, वस्तू आणि नाणे जसेच्या तसे ठेवण्यास सांगावे आणि गिनी, क्राउन, रेस यांचा उलगडा तळटीपेत करावा. शिलिंगांचे आजचे रुपये करून देण्याचा आग्रह धरू नये, कारण तसे केल्याने किंमत कळल्याचा नुसता भास होतो; त्याऐवजी खोलीचे भाडे, कोट, नकाशा आणि जेवण यांची आपसातली तुलना वाचकाला दाखवावी. ज्या वाचकांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या यात्रेच्या, नोकरीच्या किंवा परदेशगमनाच्या वह्या आहेत, त्यांनाही आपल्या पत्राद्वारे कळवावे की, वही कोणालाही देण्यापूर्वी ती उलटी करून मागच्या बाजूने उघडून पाहावी आणि त्या पानांची छायाचित्रे आधी स्वतः काढून ठेवावीत.

पणजोबांच्या वहीतील अकरा पानांच्या उताऱ्याची एक प्रत या पत्रासोबत जोडली आहे. ती छापण्याजोगी वाटल्यास जागेअभावी काटछाट करण्यास माझी हरकत नाही. फक्त तिसऱ्या पानावरील पाच तिकिटांची ओळ आणि दहाव्या पानावरील चार तिकिटांची ओळ, या दोन ओळी कृपया ठेवाव्यात.

आपली नम्र वाचक,
एक निवृत्त लेखापरीक्षक,
सातारा